हत्तीच्या पट्टीतलं प्यादं

"हत्ती खाली ठेव! ठेव म्हनतो न्हवं, न्हाईतर मनगाट पिळून काहिलीत घालीन!"

नाना ओरडत होते आणि मी हातात लाकडी हत्ती धरून त्यांच्या खळ्यावर उकिडवा बसलो होतो. नानांचा आवाज म्हणजे काय चीज होती, हे ज्यांनी तो ऐकला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. त्यांनी आमच्या काठावर शह दिला की कृष्णेपलीकडच्या गावात खेळणारी माणसं दचकून आपापले राजे हलवत, हे मी आजवर निदान दोनशे लोकांना सांगितलं आहे आणि त्यातल्या एकानंही ते खोटं पाडलेलं नाही. त्या दिवशी तर शेजारच्या काहिलीतली हळद खाली जाळ घालायच्या आधीच शिजली.

"आवं नाना, प्यादं हत्तीच्या पट्टीतनं शेवटच्या घरात गेलं. मग हत्तीच व्हनार न्हवं का?"

"व्हनार. आन् हत्ती झाला की पुढच्या चालीला आपल्याला मात बसनार. सतरा बार बसली. अठराव्या बारला ती काय लाजून माघारी फिरंल?"

आमच्या दोघांच्या मधे गोणपाटावर कापडी पट पसरलेला होता. पटाच्या कडेखाली एक लांबट खाकी लिफाफा होता. उडू नये म्हणून त्यावर नदीतला गुळगुळीत दगड. सरकारी लिफाफा, इंग्रजीत पत्ता. डाव सुटल्याबिगर फोडायचा न्हाई, असा नानांचा हुकूम होता. आणि डाव होता नानांच्या एकुलत्या मुलाचा, हिंदुरावचा. तो तीन वर्षांपूर्वी पलटणीत भरती होऊन समुद्रापलीकडं लढाईवर गेला होता. पलटणीतल्या माणसाच्या घरी आलेल्या असल्या लिफाफ्यात काय असतं, हे त्या दिवसांत आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तेव्हा मामला साधा होता. मी डाव सोडवला की लिफाफा फुटणार, आणि लिफाफा फुटला की हिंदुराव जाणार.

माघ सरत आला की तो वास अजून येतो. आता मी राहतो तिथं हळदीचं एक पान उगवत नाही, तरी येतो. उकडलेल्या मुळांचा, जळत्या पाल्याचा, थोडा ओल्या मातीचा आणि थोडा दवाखान्याचा. बायको म्हणते, तुमच्या नाकाला गप्पा मारायची सवय लागलीय. असेलही. माझ्या तोंडाची सवय नाकापर्यंत पोचायला वेळ किती लागणार? पण त्या एका सुगीबद्दल मी कधी तिखटमीठ लावलं नाही. मुळात कुणाला सांगितलंच नाही. आणि त्या सुगीनंतर नानांच्या खळ्यावर पाऊलही ठेवलं नाही. का, असं कुणी विचारलं तर कारणं तयार असतात. पेठेत काम फार होतं, गाडीची वेळ जमत नव्हती, पुलाला पाणी लागलं होतं. उन्हाळ्यात पाणी लागलं होतं, असंही मी एकदा सांगून बसलो आहे.

आमचं गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. मी तेव्हा सांगलीला हळदीच्या पेठेत मापाडी होतो, म्हणजे दिवसभर हळद तोलायची. अंगात हळद इतकी मुरली होती की घाम पिवळा यायचा. नदीत बुडी मारली तर खालच्या गावातल्या बायकांची लुगडी आपोआप रंगायची. (हे मात्र तिखटमीठ.) आठवड्यात एक दिवस पेठ बंद असे. त्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी गावाकडं येई, आणि घरी चहा घेऊन थेट नानांचं खळं गाठी.

नाना पहिल्या लढाईतले शिपाई. बसऱ्याला जाऊन आले ते डाव्या पायात लंगडेपण आणि काखेत बुद्धिबळाचा पट घेऊन. तो पट त्यांनी हिंदुरावला आणि मला दिला. आम्ही दोघं एका वयाचे, एका शाळेतून एकाच दिवशी पळालेले. नानांची शिकवायची तऱ्हा निराळी होती. पहिल्यापासून डाव मांडून खेळवायचे नाहीत. देवळाच्या कट्ट्यावर जाणत्या माणसांचे डाव चालत. तिथं एखाद्याची मान आवळायची वेळ आली की नाना ते सगळे मोहरे डोक्यात घेऊन घरी येत आणि जसेच्या तसे आमच्यापुढं मांडत. "हितं त्याची चाल हुती. त्यानं काय केलं ते मी बगितलंय. तुमी सांगा." उत्तर येईपर्यंत त्या पटावर डालगं झाकून ठेवायचं. त्या घरात तेवढी जागा सारवायची नाही, ओलांडायची नाही. तानूकाकी, म्हणजे हिंदुरावची आई, डालग्याला वळसा घालून चुलीकडं जाई. एक डाव एकवीस दिवस झाकलेला होता आणि त्याखाली कोंबडीनं अंडी घालून पिल्लं काढली. उंटाला ती आई समजत.

डाव खरा पाहिजे, हा नानांचा हट्ट. मनानं रचलेला डाव म्हणजे त्यांच्या लेखी खोटी साक्ष. "खऱ्या डावात मानूस घाम गाळून तिथवर आलेलं असतं," म्हणत. "त्येला वाट असती न्हाईतर नसती. रचलेल्यात वाट आदी घालत्यात आन् मग मानूस."

हिंदुराव पलटणीत गेला आणि हीच तऱ्हा पत्रातून चालू झाली. छावणीत खेळलेल्या डावातली अडचणीची जागा तो शब्दांत मांडून पाठवी. कुणाचा कोणता मोहरा कुठल्या पट्टीत, कितव्या घरात. खाली एकच ओळ: आता माझी चाल, मी काय केलं? नानांना अक्षर येत नव्हतं. मी वाचून दाखवायचं, नानांनी मोहरे मांडायचे. उत्तर सापडलं की मी पत्रातून कळवायचं, आणि दोन महिन्यांनी तिकडून शाबासकी यायची, नाहीतर शिव्या. अशानं त्याच्या छावणीतला एक पंजाबी हवालदार आणि एक मद्राशी कंपाउंडर आमच्या खळ्यावर इतके हरले की तानूकाकीला त्यांची कीव यायची. "त्या कंपोंडरला एकदा तरी जिकू द्या रं," म्हणे. "लेकराची आई काय म्हनत आसंल."

शेवटचं पत्र त्या सुगीच्या तोंडाला आलं. नानांनी ते माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलं की आजही पाठ आहे.

"नाना, हा डाव गोऱ्या सार्जंटाबरूबर झाला. त्यानं मला पुढच्या चालीला मात ठेवलीया. आता माजी चाल. मी जिकलो. कसा ते तुमी आन् बाळूनं सांगा." आणि त्याखाली एक ओळ, जिच्या मधल्या शब्दांवर पत्रं तपासणाऱ्यानं काळी शाई फासलेली. "इथं आमी" एवढं दिसत होतं, शेवटचं "खेळतो" दिसत होतं. मधे नुसता काळा पट्टा. आम्ही म्हटलं, गावाचं नाव लिहिलं असणार येड्यानं. छावणी कुठं आहे ते लिहायची मनाई असते, हे आता आम्हालाही कळू लागलं होतं.

मग नानांनी डाव मांडला. आमचं एक प्यादं हत्तीच्या पट्टीत, शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर. त्याच्या मागं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहरा ठेवणारा आमचा उंट. सार्जंटाचा राजा त्याच बाजूच्या उंटाच्या पट्टीत, आपल्या मूळ रांगेतून एक घर पुढं आलेला. त्याचा वजीर घोड्याच्या पट्टीत, राजाच्याही एक घर पुढं. आमच्या राजाच्या छाताडावर नेम धरून बसलेला. काहीही करा, तो वजीर येतो आणि मात. प्यादं पुढं सारलं तर शेवटच्या घरात जातं. पण आमच्या देशी खेळाचा नियम असा, की प्यादं ज्या पट्टीतून पोचेल त्याच पट्टीचा मोहरा त्यानं व्हायचं. हत्तीच्या पट्टीतलं हत्ती, घोड्याच्या पट्टीतलं घोडा. झाला हत्ती. हत्ती कोपऱ्यात उभा राहून नुसता बघतो, आणि आमचा राजा मरतो.

आठवडाभरानं लिफाफा आला. मी पुढच्या सुट्टीला पोचलो तेव्हा तो पटाखाली गेलेलाच होता. मधल्या दिवसांत नाना, बहिणीला बघून येतो म्हणून, दोन दिवस वडूजला जाऊन आले होते. लंगड्या पायानं, हळद काढायच्या तयारीच्या ऐन घाईत. एरवी ते शेजारच्या वाडीला गेले तरी परत येऊन तीन दिवस पुरतील एवढ्या गोष्टी सांगत. वडूजची एकही सांगितली नाही. मी म्हटलं, दमले असतील.

"वाचू का?" मी लिफाफ्याकडं बोट केलं.

"डाव सुटू दे आदी. पोरगं जिकलं म्हनतंय. कसं जिकलं ते बगितल्याबिगर दुसरं कागूद ऐकायचं न्हाई मला."

मला ते कळलं. माझ्याजागी कोणालाही कळलं असतं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खड्डे, आत हळद भरून तोंड मातीनं लिंपलेलं. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नाही. आधी कंदील सोडतात. ज्योत विझली तर वर थांबायचं, आतली वाईट हवा निघून जाईस्तोवर. घाई केलेली माणसं मी दोराला बांधून वर काढताना पाहिली आहेत. त्यामुळं नाना थांबले आहेत, तर थांबू देत, असं मला वाटलं. मीही त्यांच्यासोबत तोंडाशी बसलो.

आणि आम्ही खरोखरच झुंजलो. पुरुषभर उंचीच्या हळदीचा पाला कापून झाला, कुदळीखालून गड्डे निघाले, काहिली चढल्या, वर ओली पोती पडली, वाफेनं आभाळ पिवळं झालं, आणि आम्ही त्या एका चालीवर बसून होतो. राजा इकडं घेतला, मात. उंट आडवा घातला, एक चाल लांबली आणि मात. नाना ओरडत, काहिलीला जाळ घालणाऱ्या बाया हसत, तानूकाकी भाकरी आणून ठेवताना विचारी, "सुटला का रं?" मी मान हलवी. ती पाण्याचा तांब्या पुढं सरकवी.

फाल्गुनात एका संध्याकाळी सांगलीला कृष्णेच्या घाटावर कॉलेजातली दोन पोरं खेळत बसलेली दिसली. मी आपला मागं उभा राहिलो. एकाचं प्यादं हत्तीच्या पट्टीतून शेवटच्या घरात गेलं आणि त्यानं मेलेल्या मोहऱ्यांतून वजीर उचलून तिथं ठेवला.

"अहो, हत्ती ठेवा," मी म्हटलं. "हत्तीची पट्टी आहे."

दोघांनी माझ्या पिवळ्या हातांकडं पाहिलं. "ते जुनं झालं," एक म्हणाला. "आम्ही विलायती नियमानं खेळतो. प्यादं पोचलं की पाहिजे ते मागायचं. वजीर मागा, घोडा मागा."

"कुणाकडं मागायचं?"

"कुणाकडं नाही. मागायचं."

मी घाटाच्या पायऱ्या चढलो की नाही ते आठवत नाही. पण वरच्या पायरीला पोचेपर्यंत डाव सुटला होता. प्यादं शेवटच्या घरात. वजीर मागितला तरी मात बसते, हत्ती मागितला तरी बसते. घोडा मागायचा. कोपऱ्यातल्या त्या घोड्याचा एक पाय सार्जंटाच्या राजावर पडतो, शह. दुसरा पाय त्याच्या वजिरावर. राजानं हललंच पाहिजे, आणि मग वजीर आपला. राजानं वजिराला लागून उभं राहून त्याला राखावं म्हटलं तर त्या घरांवर मागून आमचा उंट पाहरा देतो. त्या काळ्या पट्ट्याखालचे शब्दही मला तिथंच दिसले: इथं आमी सायबाच्या कायद्यानं खेळतो. आमच्या मुलखात तेव्हा चळवळ पेटलेली, सायबाचा कायदा कुणी जुमानत नव्हतं, आणि तपासणाऱ्यानं सायब आणि कायदा हे दोन शब्द शेजारी-शेजारी बघितले. त्याची बाटली उपडी झाली असणार. हा माझा अंदाज. ते शब्द आजपर्यंत कुणी खरवडून पाहिलेले नाहीत.

घाटावर मी मोठ्यानं हसलो. हिंद्या, गड्या, म्हणालो, काय मागितलंस. मग पटाखालचा तो लिफाफा आठवला आणि मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो.

त्यानंतर तीन आठवडे मी खोटं बोललो. माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड खोटं. कारण गप्पा मारताना मी नेहमी स्वतःला शहाणा करत आलो होतो, आणि इथं गाढव व्हायचं होतं. "सांगलीत सगळ्या जाणत्यांना दाखवला नाना. एकाचं डोकं तापून पगडीला भोक पडलं. शेवटी देवळातल्या हत्तीला दाखवला, त्यानं सोंड हलवून न्हाई म्हटलं."

"हत्तीला काय कळतंय," नाना म्हणत. "हत्तीनंच तर घात केलाय."

पहिल्या आठवड्याला त्यांनी मला काहिलीत घालायची धमकी दिली. दुसऱ्या आठवड्याला नुसतं गप्पाड्या म्हणाले. तिसऱ्याला माझ्या हातून हत्ती काढून घेतला आणि हातातच धरून बसले. मला वाटायचं, मी एकेक आठवडा पैदा करून त्यांना देतो आहे. हिंदुराव त्या तीन आठवड्यांत जिवंत होता, आणि मीच त्याला ठेवला होता. गाडीत बसून सांगलीला परतताना मला स्वतःचा अभिमान वाटे, हे लपवत नाही.

लिफाफ्याला मी हात लावला नव्हता. एकदा दगड सरकला आणि लिफाफ्याची चिकटवलेली कड दिसली. तिथं तांबूस, चकचकीत असं काहीतरी वाळलेलं होतं. हळदीच्या खळ्यावर सगळ्यालाच काही ना काही चिकटलेलं असतं. मी दगड परत ठेवला.

चौथ्या आठवड्याला मी गेलो तेव्हा खळं मोकळं झालेलं होतं. वाळलेली हळकुंडं पोत्यांत गेली होती, जमिनीवर पिवळा पाचोळा फिरत होता. ऊन चैत्राचं. काहिली पालथ्या. नाना एकटेच पटाशी बसलेले. ओरडले नाहीत. त्यांचा आवाज आता कृष्णेपलीकडं सोडा, काकीच्या चुलीपर्यंत जाईना.

"बाळू," ते म्हणाले. एरवी कधी त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. "एक इचारू का रं? खरं सांगशील?"

"इचारा."

"त्यो खरंच जिकला आसंल का? का मला बरं वाटावं म्हनून लिवलं त्यानं? आदी कवा खोटं बोलला न्हाई. पन लढाईवर मानूस लिवतंय. मीबी लिवून घेतलं हुतं बसऱ्यास्नं, बरा हाय म्हनून. पाय कापायची बोली चालली हुती तवा."

आता काय करायचं होतं मी? पोराचा तेवढा एक डावही खोटा ठरत होता. मी प्यादं उचललं, शेवटच्या घरात सारलं, आणि मेलेल्या मोहऱ्यांतून घोडा काढून तिथं ठेवला.

मी नियम सांगितला. विलायती. पोचलं की पाहिजे ते मागायचं. काळ्या पट्ट्याखाली काय असणार तेही सांगितलं. नानांनी स्वतःच्या हातानं सार्जंटाचा राजा एका घरात सरकवून पाहिला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी घोड्यानं वजीर मारला. प्रत्येक वेळी तो राजा परत जागेवर ठेवून त्यांनी पुन्हा पाहिलं. ओठांतल्या ओठांत एक हसू आलं, तसं मी फक्त हिंदुरावच्या तोंडावर पाहिलेलं होतं, आमच्याकडून उत्तर चुकलं की.

"घोडा मागितला," ते म्हणाले. "वजीर मिळत असताना."

"व्हय."

"जिकला मग."

"जिकला नाना."

खळ्यालगतच्या घरात काकीचं जातं थांबलं. नाना मोहरे गोळा करू लागले, एकेक करून, फडक्यात. मी हात पुढं केला.

"द्या तो लिफाफा. वाचतो आता."

त्यांनी दगड बाजूला ठेवून लिफाफा माझ्या हातात दिला. कड उघडायला मी नख घातलं तर नखाला बाभळीचा डिंक लागला. जुना, कडक झालेला. लिफाफा एकदा फोडून परत चिकटवलेला होता.

"नाना, हा फोडलेला हाय."

"व्हय. वडूजला एका मास्तराकडनं वाचून घेतला. हळद काढायच्या आदीच."

"काकीला?"

"त्याच दिशी सांगितलं तिला."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

नानांनी पटाची घडी घातली, घडीवरून हात फिरवला.

"तुला सांगितलं असतं तर तू यायचं बंद केलं असतंस."